कार्ल फॉन लिंडे: वर्गातून कारखान्यात आणि कारखान्यातून पुन्हा वर्गात

उष्मागतिक (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात एक बैठक झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षे काम केलेल्या, वरिष्ठ पातळीवर पोहोचलेल्या व्यक्तीला पीएच.डी. नसतानाही शिकवण्यासाठी घेता येते आणि अशा जागा मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत ठेवता येतात. आमच्याकडे अशी नेमणूक करावी की नाही, यावर दोन तास बोलणे झाले. एका बाजूचे म्हणणे असे की कारखान्यातला माणूस येऊन किस्से सांगेल, पण अभ्यासक्रम पुरा कोण करणार? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की त्याच्या ओळखीने मुलांना नोकऱ्या तरी लागतील. मी स्वतः २२ वर्षे शीतगृहे आणि दूध डेअऱ्यांचे अमोनिया प्लांट उभारले आणि सहा वर्षांपूर्वी शिकवायला आलो, त्यामुळे ही दोन्ही बोलणी मला लागली. उद्योग आणि अध्यापन ही दोन निराळी गावे आहेत आणि एका गावचा माणूस दुसऱ्या गावात पाहुणा म्हणूनच जाणार, हे दोन्ही बाजूंनी धरूनच चालले होते.

त्या बैठकीत मला सारखे जर्मन अभियंते कार्ल फॉन लिंडे आठवत होते. प्रशीतनाच्या, म्हणजे यंत्राने थंडावा निर्माण करण्याच्या, धंद्यात ज्याने हयात घालवली त्याला हे नाव ठाऊक असतेच. पण ते बहुतेक वेळा कंपनीचे नाव म्हणून ठाऊक असते, शिक्षकाचे नाव म्हणून नव्हे. म्हणून हा धागा.

लिंडे यांचा जन्म १८४२ साली बव्हेरियातील बेर्नडॉर्फ या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. मुलगा झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकायला गेला आणि तिथे त्याला रुडॉल्फ क्लाउझियुस, गुस्टाव झॉयनर आणि फ्रांझ रॉयलो असे तीन गुरू लाभले. ऊष्मागतिकीचा, म्हणजे उष्णता आणि काम यांच्या शास्त्राचा, दुसरा नियम ज्याने मांडला त्याच क्लाउझियुसकडून तो नियम शिकायला मिळणे हे भाग्यच म्हणायचे. परंतु १८६४ साली विद्यार्थ्यांच्या एका निषेधात भाग घेतल्यामुळे लिंडे यांना पदवी हाती येण्यापूर्वीच संस्थेतून काढून टाकण्यात आले. रॉयलो यांच्या मदतीने त्यांना एका कापूस गिरणीत उमेदवारी मिळाली. पुढे बर्लिनला बोर्सिग आणि मग म्युनिकला क्राउस या इंजिन बनवणाऱ्या कारखान्यांत त्यांनी काम केले, आणि क्राउसकडे तर ते तांत्रिक विभागाचे प्रमुख झाले. १८६८ साली म्युनिकमध्ये नवीन पॉलिटेक्निक उघडले तेव्हा त्यांनी तिथे अर्ज केला आणि वयाच्या २६ व्या वर्षी ते प्राध्यापक झाले. हातात पदविका नाही, गाठीला कारखान्यातली थोडी वर्षे आणि डोक्यात क्लाउझियुस, एवढ्या भांडवलावर ही नेमणूक झाली. १८७२ साली ते पूर्ण प्राध्यापक झाले.

त्यांनी म्युनिकमध्ये काय केले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यांनी शिकवण्यासाठी यंत्रांची प्रयोगशाळा उभी केली. आज आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण त्या काळी यंत्रशास्त्राचे विद्यार्थी फळा आणि आरेखन यांवरच शिकत असत, आणि प्रत्यक्ष चालू यंत्रावर तापमान, दाब आणि काम मोजायचे, मग तो आकडा सिद्धान्ताशी ताडून पाहायचा, ही पद्धत जर्मनीत नवी होती. याच सुमारास, मेण गोठवून वेगळे काढण्यासाठी थंडावा देणारे यंत्र कोणी तयार करील तर त्याला पारितोषिक, अशी जाहिरात त्यांच्या वाचनात आली. त्यांनी त्या वेळच्या प्रशीतन यंत्रांचा हिशेब मांडला. आदर्श यंत्राला जेवढे काम लागावे त्याच्या किती पट काम ही यंत्रे खातात, हे त्यांनी १८७० आणि १८७१ सालच्या लेखांतून दाखवले, आणि बाष्प दाबून थंडावा देणारे यंत्र आदर्शाच्या सर्वांत जवळ जाऊ शकते असा निष्कर्ष काढला. हे लेख वर्गातल्या विषयातून निघाले होते, त्यांना कोणा कारखानदाराने पैसे दिलेले नव्हते.

ते लेख नेमके बीअर गाळणाऱ्यांनी वाचले. बव्हेरियाची लागर बीअर थंडीतच आंबवावी लागते. एके काळी तर तिथे उन्हाळ्यात बीअर गाळण्यास कायद्याने बंदी होती. बंदी उठल्यावरही तळ्यांवरचा बर्फ कापून तळघरांत भरून ठेवणे हाच उपाय होता. ड्रेहर यांच्या ब्रुअरीचे डाइग्लमायर आणि म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीचे गाब्रिएल झेडलमायर यांनी लिंडे यांना विचारले की कागदावर जे मांडले आहे ते बांधून दाखवाल का. पहिले यंत्र आउग्सबुर्गच्या यंत्र कारखान्यात तयार होऊन श्पाटेनमध्ये बसले. त्यात मिथाइल ईथर वापरला होता आणि दांड्याभोवतीची गळती थांबवायला पाऱ्याचा उपयोग केला होता. ते समाधानकारक चालले नाही. दुसऱ्या यंत्रात, १८७६ च्या सुमारास, ईथर जाऊन अमोनिया आला आणि पाऱ्याच्या जागी ग्लिसरीन आले. ज्यांनी अमोनिया कॉम्प्रेसरचा ग्रंथी-डबा (दांड्याभोवतीची गळती रोखणारा भाग) उघडून पॅकिंग बदलले आहे, त्यांना या एका वाक्यामागे किती रात्री गेल्या असतील याचा अंदाज येईल.

१८७९ साली लिंडे यांनी प्राध्यापकपद सोडले. सरकारी, निवृत्तिवेतनाची नोकरी होती आणि घरी वाढता संसार होता. त्यांनी वीसबाडेनला प्रशीतन यंत्रांची कंपनी काढली. भागीदारांत बीअर गाळणारे होते, आउग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याचे हाइनरिश बुत्स होते आणि लिंडे यांचे जुने मालक गेओर्ग क्राउसही होते. पहिली काही वर्षे बेताचीच गेली. मग १८८३-८४ चा हिवाळा सौम्य गेला, तळी नीट गोठली नाहीत, आणि जे ब्रुअरीवाले ‘पाहू, करू’ म्हणत होते ते रांगेत उभे राहिले. १८९० पर्यंत ७४७ यंत्रे विकली गेली होती.

आणि त्याच सुमारास, धंदा भरात असताना, लिंडे दैनंदिन कारभार सहकाऱ्यांवर सोपवून नियामक मंडळावर गेले, म्युनिकला परतले आणि पुन्हा शिकवू लागले. ४८ वर्षांचा माणूस, कंपनी जोरात, आणि तो वर्गाकडे वळतो. या वळणाला अनेक चरित्रकार दोन ओळींत उरकतात. माझ्या मते सगळी कथा त्या दोन ओळींत आहे, कारण त्यांचे सर्वांत मोठे काम त्यानंतरचे आहे. १८९५ साली त्यांनी हवा द्रवरूप केली, १९०२ च्या सुमारास द्रव हवेतून ऑक्सिजन वेगळा काढला आणि १९१० पर्यंत त्यांच्या मुलासह सहकाऱ्यांनी दुहेरी स्तंभाची पद्धत पक्की केली.

मला म्हणायचे आहे ते असे. लिंडे यांची कारकीर्द ‘आधी शिक्षक, मग उद्योजक, मग पुन्हा शिक्षक’ अशी तीन तुकड्यांची नव्हती. तिन्ही टप्प्यांत ते एकच काम करत होते: आदर्श यंत्र आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्यातले अंतर मोजणे. जागा तेवढी बदलत होती. सभासदांनी आपापले मत आणि अनुभव लिहावेत.

सह्यपठार

लेख आवडला, परंतु एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. मी गेली १७ वर्षे यंत्र अभियांत्रिकी शिकवतो आणि मी कधीही कारखान्यात नोकरी केलेली नाही. आपण लिंडे यांचे उदाहरण उद्योगातून आलेल्या शिक्षकांच्या बाजूने देत आहात, पण मला ते उलट दिसते. लिंडे यांचे बळ सिद्धान्तात होते. ड्रेहर आणि श्पाटेन यांच्याकडे अनुभवाला तोटा नव्हता, कित्येक पिढ्यांचा अनुभव होता, तरी त्यांना यंत्र सुचले नाही. ते सुचले दुसरा नियम ज्याला मुळातून कळला होता त्याला. आमच्याकडे येणारे अनुभवी पाहुणे वक्ते चाळीस मिनिटे आपल्या कंपनीची छायाचित्रे दाखवतात आणि विद्यार्थ्याने एन्ट्रॉपीवर प्रश्न विचारला की ‘प्रत्यक्षात हे काही लागत नाही’ असे म्हणून टाळ्या घेतात. तो एक शब्द पुसून काढायला मला पुढे आठवडा लागतो.

उष्मागतिक

आपला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे आणि तो माझ्या विरोधात नाही. ‘प्रत्यक्षात हे लागत नाही’ असे म्हणणारा माणूस उद्योगातही फार वर जात नाही, निदान आमच्या धंद्यात तरी जात नाही. ग्राहकाला आपण लिहून देतो की अमुक इतक्या विजेत अमुक इतका थंडावा मिळेल; तो मिळाला नाही तर दंड भरावा लागतो. त्या कागदावर सही करण्यापूर्वी हिशेब येत नसेल तर गावठी अंदाज वाचवत नाही. लिंडे यांच्या कंपनीने हेच केले. ती कंपनी सुरुवातीला यंत्रे स्वतः बनवत नसे. आरेखने आणि कामगिरीची हमी तिची, बांधणी आउग्सबुर्गची. विकले जात होते ते मुख्यतः ज्ञान.

आपल्या प्रतिसादाला जोडून एक उपकथा सांगतो. लिंडे १८७९ साली गेल्यावर म्युनिकची त्यांची जागा मोरित्स श्र्योटर यांना मिळाली. १८९७ च्या फेब्रुवारीत रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेऊन २६.२ टक्के कार्यक्षमता नोंदवणारे ते हेच श्र्योटर. डिझेल लिंडे यांचे विद्यार्थी. वाफेचे इंजिन इंधनातील उष्णतेपैकी जेमतेम ६ ते १० टक्केच कामात आणते हे त्यांनी लिंडे यांच्या व्याख्यानात ऐकले, आणि तो आकडा त्यांच्या मनातून पुढे गेला नाही. १८८० साली शिक्षण संपल्यावर त्यांनी नोकरी धरली तीही लिंडे यांच्याच यंत्रांच्या पॅरिसमधील व्यवसायात. आणि १८९३ पासून ज्या कारखान्याने त्यांचे इंजिन बांधले, तो लिंडे यांची यंत्रे बांधणारा बुत्स यांचाच आउग्सबुर्गचा कारखाना. व्याख्यान, नोकरी, कारखाना आणि चाचणी या चारही ठिकाणी एका शिक्षकाची वाट आधीच मळलेली होती. कोणी याला योगायोग म्हणेल; मला तो म्हणवत नाही.

मिरकरवाडा

मी रत्नागिरीत बर्फाचा कारखाना चालवतो, वडिलांनी सुरू केलेला. डिझेल यांनी बर्फाच्या धंद्यात नोकरी केली होती हे मला आज कळले आणि मन भरून आले. त्यांनी नेमके काय काम केले, याबद्दल आणखी लिहाल का?

आमच्याकडे अजूनही तीच पद्धत आहे. मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, त्यात ओळीने लावलेले पत्र्याचे डबे, टाकीचे पाणी शून्याखाली आठ-दहा अंशांवर, आणि लादी तयार व्हायला दीड-दोन दिवस. कॉम्प्रेसर पुण्याच्या किर्लोस्करांचा आहे, मी शाळेत होतो तेव्हा बसवलेला. ट्रॉलर बंदराला लागण्याआधी लाद्या फोडून चुरा तयार ठेवावा लागतो.

उष्मागतिक

आपल्याला हे वाचून आणखी आनंद होईल. १८८१ साली डिझेल यांनी मिळवलेले पेटंट पारदर्शक बर्फाचे होते. पाणी बाहेरून आत गोठत जाते, विरघळलेली हवा पुढे ढकलली जाते आणि शेवटी मधोमध अडकून पडते; म्हणून आपल्या लादीच्या पोटात पांढरा गाभा दिसतो. मासळीला त्याने काही फरक पडत नाही, पण पॅरिसच्या मेजावर ठेवायचा बर्फ काचेसारखा हवा होता. ज्या कारखान्यांना स्वच्छ लादी लागते ते डब्यात बारीक नळीने हवा सोडून पाणी हलते ठेवतात आणि शेवटचे गढूळ पाणी काढून ताजे घालतात, हे आपण जाणताच.

कोल्डबॉक्स

मी एका हवा-विलगीकरण प्रकल्पात, म्हणजे हवेतले वायू वेगळे काढणाऱ्या कारखान्यात, काम करतो, म्हणून १८९५ च्या भागाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण लेखात तो दोन शब्दांत आटोपला आहे आणि खरी गंमत तिथेच आहे.

दाबाखालील हवा अरुंद झडपेतून सोडली की ती किंचित थंड होते. हे जूल आणि टॉमसन यांनी आधीच मोजले होते. सामान्य तापमानाला दाबाच्या दर वातावरणामागे (वातावरण हे दाबाचे एकक) सुमारे पाव अंश. हवा द्रवरूप व्हायला उणे १९४ अंशांच्या आसपास जावे लागते. म्हणजे दोनशे वातावरणांचा दाब सोडला तरी एका फेरीत पन्नास अंशही मिळत नाहीत, आणि हे पाहून बहुतेकांनी हा मार्ग सोडून दिला होता. लिंडे यांनी थंड झालेली हवा बाहेर सोडून न देता ती नळीतल्या नळीतून उलट दिशेने परत नेली आणि येणाऱ्या ताज्या हवेला तिने आधीच थंड केले. पुढची फेरी त्यामुळे खालच्या पायरीवरून सुरू होते, त्याच्या पुढची आणखी खालून. पाव-पाव अंश साचत जातो. १८९५ च्या मे महिन्यात यंत्रातून निळसर द्रव बाहेर आला, तासाला साधारण तीन लिटर. आमच्याकडे नव्या मुलाला नमुना काढायला पाठवतो तेव्हा द्रव ऑक्सिजनचा तो फिकट निळा रंग पाहून तो क्षणभर थबकतोच. मीही थबकलो होतो.

इंग्लंडमध्ये विल्यम हॅम्पसन यांनी हीच कल्पना लिंडे यांच्या काही दिवस आधी पेटंटसाठी दाखल केली होती, हेही नोंदवले पाहिजे. आणि आजच्या मोठ्या प्रकल्पांत थंडावा मुख्यतः झडपेतून नव्हे तर टर्बाइनमधून येतो. हवेकडून काम करवून घेऊन तिला थंड करण्याची वाट फ्रान्सच्या जॉर्ज क्लोद यांनी १९०२ साली रूढ केली. परंतु उणे १८३ ला उकळणारा ऑक्सिजन आणि उणे १९६ ला उकळणारा नायट्रोजन यांना वेगळे करणारा दुहेरी स्तंभ मात्र अजूनही लिंडे यांच्याच घराण्यातला आहे. आम्ही ज्याला कोल्ड बॉक्स म्हणतो त्या उंच चौकोनी मनोऱ्याच्या आत तो उभा असतो, भोवती परलाइटची पांढरी भुकटी ठासलेली असते.

उष्मागतिक

हॅम्पसन यांच्या उल्लेखाबद्दल मनापासून आभार. ते माझ्याकडून राहून गेले होते.

आपण लिहिलेल्या भागाला माझ्या मुद्द्याशी जोडणारा दुवा असा की १८९२ साली डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीकडून कार्बन डायऑक्साइड द्रवरूप करण्याच्या प्रकल्पाची मागणी आली आणि त्यामुळे लिंडे अतिनीच तापमानाच्या अभ्यासाकडे वळले. प्रश्न कारखान्याचा होता, पण त्यामागे लागायला लागणारी सवड आणि वातावरण त्यांना म्युनिकमध्ये मिळाले. महिन्याला पंधरा यंत्रे पोहोचवण्याच्या धावपळीत पाव अंशाचा विचार कोणी करत बसत नाही. मी केला नसता.

रुग्णपरिचारिका

मी अभियंता नाही, तरी लिहिते आहे. एप्रिल २०२१ मध्ये मी नाशिकच्या एका रुग्णालयात कोविड कक्षात काम करत होते. कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेच्या वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला गेले आणि भरून परत आले, काही नागपूरला उतरले आणि उरलेले २४ तारखेला नाशिकला आले. त्या दिवशी आमच्याकडे ‘गाडी आली’ या दोन शब्दांशिवाय दुसरे बोलणे नव्हते. त्या टँकरमध्ये जो द्रव होता तो हवेतून कसा काढतात हे मला तेव्हा माहीत नव्हते आणि विचारायला वेळही नव्हता. आज ते वर वाचले. एका लिटर द्रवातून किती वायू होतो?

कोल्डबॉक्स

ताई, सुमारे ८५० लिटर. म्हणूनच तो द्रवरूपात नेतात. तेवढाच वायू सिलिंडरांत भरायचा म्हटला तर मालमोटारींची रांग लागेल. त्या महिन्यांत डोलवीसारख्या पोलाद कारखान्यांतले ऑक्सिजन प्रकल्पही रुग्णालयांसाठी द्रव काढत होते. पोलादासाठी लागणारा ऑक्सिजन आणि आपल्या कक्षातला ऑक्सिजन एकाच स्तंभातून येतो, शुद्धतेच्या आणि हाताळणीच्या तपासण्या तेवढ्या निराळ्या.

वेणुग्राम

आपल्याकडचे एक उदाहरण या धाग्यात यायला हवे असे वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्र-आरेखन शिकवत होते. बढतीच्या वेळी त्यांना डावलले गेले आणि त्यांनी नोकरी सोडली. मग बेळगावला सायकलींचे दुकान, पुढे लोखंडी नांगर, १९१० साली किर्लोस्करवाडी. वर मिरकरवाडा यांनी ज्या कॉम्प्रेसरचा उल्लेख केला त्याची पाळेमुळे एका नाराज शिक्षकाच्या राजीनाम्यात आहेत. परंतु लिंडे आणि लक्ष्मणराव यांच्यातला फरक मला टोचतो. लिंडे यांना परतीचे दार उघडे होते. लक्ष्मणरावांसारखा माणूस वयाच्या पन्नाशीत, नांगराचा फाळ कसा ओततात हे हातांनी जाणणारा, आरेखनाच्या वर्गात परत आला असता तर केवढा लाभ झाला असता. पण परत बोलावण्याची कल्पनाच आपल्या संस्थांमध्ये नव्हती.

उष्मागतिक

हा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहिले नाही. बेळगावचा आणि वाडीचा इतिहास लहानपणापासून ऐकला होता. तो असा कधी पाहिला नव्हता.

परतीच्या दाराचा माझा अनुभव सांगतो. २२ वर्षांनंतर मी शिकवायचे ठरवले तेव्हा प्रथम एका दुसऱ्या महाविद्यालयात गेलो. तिथे अर्जातील अनुभवाच्या रकान्यात फक्त ‘अध्यापन’ धरतात, म्हणून माझा अनुभव शून्य वर्षे लिहिला गेला. तासिका तत्त्वावर घेतले. मला त्याचे दुःख नव्हते, पैशासाठी मी आलोच नव्हतो. पहिल्या आठवड्यात मी प्रशीतनाची प्रयोगशाळा उघडून मागितली. यंत्रावर कापड होते. तापमापी घालण्याच्या खोबणीत तेल असावे लागते, नाहीतर पारा नळीचे नव्हे तर हवेचे तापमान दाखवतो. त्या खोबण्या कोरड्या होत्या आणि एकीत कोळ्याचे जाळे होते. तरीही कपाटात मागल्या चार वर्षांची जर्नले व्यवस्थित लावलेली होती आणि प्रत्येकात तेच सहा आकडे होते, दशांशापर्यंत तेच. मुलांनी मागच्या वर्षीच्या मुलांकडून उतरवले होते आणि त्यांनी त्यांच्या आधीच्यांकडून. मी मुलांना दोष देत नाही. चालू यंत्र त्यांनी पाहिलेच नव्हते. त्या दिवशी मी तेल भरले, यंत्र चालू केले आणि आम्ही मोजले. आकडे पुस्तकाशी जुळले नाहीत. का जुळले नाहीत हे शोधण्यात आमचा पूर्ण महिना गेला. बाष्पकाच्या, म्हणजे यंत्राच्या थंडावा देणाऱ्या भागाच्या, वेष्टणातून उष्णता शिरत होती. त्या तुकडीतल्या दोन मुली आज कॉम्प्रेसरच्या चाचणी विभागात आहेत.

सह्यपठार

मी माझे पहिले मत थोडे बदलतो. आपण वर्गात किस्सा नेला नाही, आपण मोजमाप नेले. अशी व्यक्ती आमच्या विभागात आली तर मी स्वतः तिच्या तासाला मागच्या बाकावर बसेन. पण एक अडचण खरोखरच आहे आणि ती नीतिमत्तेची नाही, वेळापत्रकाची आहे. साठ मुलांची तुकडी, तीन गटांत विभागलेली, प्रत्येक गटाला दोन तास, आणि सत्रात ठरलेले प्रयोग. एका प्रयोगावर महिना घालवण्याची परवानगी मला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कुठे दिसत नाही. लिंडे यांना ती कोणी दिली होती?

उष्मागतिक

कोणी दिली असे म्हणता येत नाही. प्रयोगशाळा त्यांनी स्वतः घडवली होती, त्यामुळे तिथे काय चालावे हे तेच ठरवत. व्यावहारिक उत्तर मी आमच्याकडे असे काढले आहे की ठरलेले प्रयोग होतातच, परंतु त्यांतल्या एका प्रयोगाचे यंत्र सत्रभर सोडत नाही. पहिला गट मोजतो, दुसरा गट पहिल्याच्या आकड्यांतली चूक शोधतो, तिसरा गट यंत्रात एक बदल करून पुन्हा मोजतो. तिन्ही गटांचे आकडे एकाच भिंतीवर लावतो. उतरवून काढणे आपोआप बंद होते, कारण जुना आकडा कोणाच्या कामाचाच राहत नाही. आपल्याला हवे असल्यास त्या तक्त्यांचा नमुना व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

आणि मिरकरवाडा, आपल्याला एक विनंती आहे. पुढच्या महिन्यात तृतीय वर्षाच्या २० मुलांना आपल्या कारखान्यात आणता येईल का? मला त्यांच्याकडून आपल्या कॉम्प्रेसरचे आत येणारे आणि बाहेर जाणारे तापमान व दाब, आणि लादीमागे लागणारी वीज मोजून घ्यायची आहे. आपल्या कामात खोळंबा होणार नाही, आणि आकडे आपल्यालाच दिले जातील.

मिरकरवाडा

अवश्य आणा. मंगळवार किंवा बुधवार ठेवा, त्या दिवशी गर्दी कमी असते. पहाटे साडेचारला या, कारण लाद्या काढायला तेव्हाच सुरुवात होते आणि कॉम्प्रेसरवरचा खरा भार तेव्हा दिसतो; दहा वाजता आलात तर सगळे शांत असेल. मुलांना बंद बूट घालून आणा, फरशी ओली असते. विजेचा निराळा मीटर कॉम्प्रेसरला नाही, तो मी इलेक्ट्रिशियनला सांगून आठवड्यात लावून घेतो. डिस्चार्ज लाइनवरची (कॉम्प्रेसरमधून वायू बाहेर नेणाऱ्या नळीवरची) तापमापीची खोबणी कोरडीच असणार, आपले वाचून आत्ताच आठवले. तेल मी भरून ठेवतो.